हरलेल्यांची पंगत

मारिएनबर्ग, नॉर्थ डकोटा
रविवार, ९ ऑक्टोबर २०१६

चि. लिअँडर यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे, गुडघा नाही. फोन केला असता, पण फोनवर तू ‘ताई, एक मिनिट’ म्हणतोस आणि ते मिनिट कधी संपत नाही. पत्र तुला मध्येच तोडता येणार नाही.

काल आपण जिंकलो. कॉलेजच्या साळिंदर फुटबॉल संघाने घरच्या मैदानावर सलग सव्विसावा सामना घेतला. पाहुणे आठ तास बसमधून आले होते. सामन्यानंतर नेहमीप्रमाणे दोन्ही संघ चर्चच्या तळघरात जेवायला उतरले. हरलेले आधी बसले आणि आपली पोरं पिठाच्या पोत्यांचे एप्रन बांधून वाढायला उभी राहिली. एक्कावन्न सालच्या हिमवादळात पाहुणा संघ तीन दिवस इथे अडकला, तेव्हा आईने आणि तिच्या मैत्रिणींनी घालून दिलेली ही रीत. त्यांच्या कप्तानाने आपल्या फ्लोरियनला विचारलं की सूपमध्ये बटाट्याबरोबर एवढे कणकेचे गोळे कोण घालतं. फ्लोरियन म्हणाला की ऑडिलियाबाई घालतात, आणि वाडग्यात काही ठेवलंस तर त्या तुला बसमधून उतरवून आणतील. दोन तासांपूर्वी ह्या दोघांनी एकमेकांची हाडं खिळखिळी केली होती.

आता तुम्हा कॉलेजच्या विश्वस्तांनी नेमलेल्या त्या सल्लागाराबद्दल. तो तळघरात आला, सूपला शिवला नाही, भिंतीला टेकूनसुद्धा उभा राहिला नाही. त्याने मला विचारलं की ह्या ‘उपक्रमा’ला कोणी प्रायोजक आहे का. मग म्हणाला की वरच्या श्रेणीत गेल्यावर साळिंदर शोभणार नाही, त्याऐवजी लांडगा कसा वाटतो. मी म्हटलं की लांडगा वाढायला उभा राहत नाही. तो हसला आणि त्याने वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मला किळस आली, लिअँडर. चौतीस वर्षं ह्या संघाचे कपडे मी धुतले. चिखल, रक्त, ओकारी, सगळं ह्या हातांनी चोळलं. कधी किळस आली नव्हती, काल आली.

विश्वस्त नऊ आहेत. चार इकडे, चार तिकडे, आणि नववं मत तुझं, हे पोस्टातल्या क्लारालाही ठाऊक आहे. फेब्रुवारीत वरच्या श्रेणीचं मतदान होईल तेव्हा ‘नाही’ म्हण, एवढंच मागते.

लोभ आहे. तो पुढे किती ठेवायचा ते फेब्रुवारीत बघू.
तुझी,
ऑडिलिया


फार्गो
१६ ऑक्टोबर २०१६

ती. ऑडिलियाताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मार्गारेट पोट धरून हसली. मी हसलो नाही. माझ्या धंद्यातही लोक मला सल्लागार पाठवतात, आणि ते सूप पीत नाहीत हे मीही पाहिलं आहे. पण ताई, यंदा कॉलेजात नवी मुलं दोनशेच्या आत आली. कॉलेजच्या जुन्या प्राचार्या, तुझ्या सिस्टर हिल्डेगुंड, आता स्वर्गातून मुलं पाठवत नाहीत. आपला संघ दर शनिवारी टीव्हीवर दिसला तर कोणीतरी नकाशात मारिएनबर्ग शोधेल. एवढं जिंकून खालच्याच पायरीवर बसून राहायचं, तर जिंकायचं कशाला?

गेल्या महिन्यात पोरं मोठ्या विद्यापीठाशी खेळायला गेली, तेव्हा आम्हा विश्वस्तांना विमानाने नेलं होतं. काचेच्या बंद खोलीत बसवलं. पायाखाली गालिचा, ताटात हाताएवढ्या कोळंब्या, खाली ऐंशी हजार माणसं. अठ्ठावन्न-तीनने हरलो, ते चालायचंच. पोरांनी बसमध्येच सँडविच खाल्ली आणि निघाली. पण ते मैदान, ताई. आपला निळा रंग त्या दिव्यांखाली पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. अठ्ठ्याहत्तर साली ह्याच संघात असताना मला तिथे धावायला मिळालं असतं तर, असं वाटून गेलं.

गुडघ्याला शेक दे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी ख्रिसमसला केक पाठव.
तुझा,
लिअँडर


मारिएनबर्ग
२० ऑक्टोबर २०१६

चि. लिअँडर यास,
आशीर्वाद, मोजून. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सिस्टर हिल्डेगुंड सांगायच्या की माणूस खरं बोलतो ते सगळ्यात छोट्या वाक्यात. तुझं ते वाक्य मला कोळंबी आणि दिव्यांच्या मध्ये सापडलं. पोरांनी बसमध्येच सँडविच खाल्ली आणि निघाली.

त्या विद्यापीठाने आपल्याला पैसे मोजून हरायला बोलावलं होतं, हे तू लिहिलं नाहीस. मला फ्लोरियनने सांगितलं. सामना संपल्यावर त्यांच्यातलं कोणी हात मिळवायलाही थांबलं नाही. बस कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी केली होती. सँडविच गारठलेली, आणि मोजकी. आपल्याच पोरांनी एकमेकांना विचारलं म्हणे की इथे वाढायला कोण येणार. हसण्यावारी नेलं त्यांनी. तू तेव्हा वर काचेत बसला होतास.

आणि ही पायरी चढलो की चार वर्षं कितीही जिंका, अजिंक्यपदाच्या फेरीत प्रवेश नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे आज जी पोरं भरती होतील त्यांनी नुसता मार खायचा. तुला धावायला मिळालं नाही म्हणून त्यांना पळवू नकोस.

लहानपणी तू चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेआधी प्रसादाचा वेफर चोरून खाल्ला होतास, आणि मी आईला सांगितलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं.

केक पाठवेन. तो मार्गारेटसाठी आहे.
ऑडिलिया


फार्गो
१२ फेब्रुवारी २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्लाराकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. काल मतदान झालं. पाच विरुद्ध चार, वरच्या श्रेणीत जायचं ठरलं. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपासून.

मी खूप विचार केला. कॉलेज बंद पडलेलं मला पाहायचं नाही. साळिंदर ठेवायला लावलं, ते मी एकट्याने. तुला ते पुरणार नाही, माहीत आहे.

लोभ कमी करशील, पण तोडू नकोस.
लिअँडर


मारिएनबर्ग
१५ फेब्रुवारी २०१७

चि. लिअँडर यास,
पत्र पोचलं. तू ‘पाच’ लिहिलंस, ‘मी’ लिहिलं नाहीस. हिशेब मला येतो.

मार्गारेटला आशीर्वाद.
ऑ.


फार्गो
२७ ऑगस्ट २०१८

ती. ऑडिलियाताईस,
सा. न. वि. वि.

दीड वर्षात तुझ्याकडून केकशिवाय काही आलं नाही. केक चांगला होता.

आठ सप्टेंबरला नव्या श्रेणीतला पहिला घरचा सामना. मी येतो आहे. एक सांगायचं आहे. पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकाने कळवलं आहे की सामना संपल्यावर चाळीस मिनिटांत ते विमानतळाकडे निघणार. जेवण त्यांचं त्यांच्याबरोबर असतं, त्यांचा आहारतज्ज्ञ आहे. तेव्हा कृपा करून त्यांचा स्वयंपाक करू नकोस. तुझ्या बायकांचे कष्ट फुकट जायला नकोत.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला क्लाराने सांगावं, हे लागलं.
लिअँडर


मारिएनबर्ग
३० ऑगस्ट २०१८

चि. लिअँडर यास,
आशीर्वाद.

आहारतज्ज्ञ. एक्कावन्न साली वादळात अडकलेल्यांचाही एक असता तर बरं झालं असतं.

स्वयंपाक दोन्ही संघांचा होईल, एकशे चाळीस पानांचा. पाहुणा न जेवता गेला तर ती पाहुण्याची लाज. आपण चूलच पेटवली नाही तर ती आपली. ह्यातला फरक तुला पूर्वी कळत होता.

गुडघा लोखंडाचा बसवला आहे. माझ्यात आता सगळ्यात मऊ तेवढाच.
ऑडिलिया


फार्गो
९ सप्टेंबर २०१८

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल आपण एकमेकांशी पाच शब्दसुद्धा बोललो नाही, म्हणून बाकीचे लिहितो.

बावन्न-सात. शेवटचा अर्धा तास त्यांच्या बसचं इंजिन चालूच होतं, मला वरून दिसत होतं. नव्या काचेच्या खोलीत बाकीचे विश्वस्त म्हणाले की पहिल्या वर्षी असं होतंच. मीही मान हलवली. त्यांची बस फाटकाबाहेर गेली आणि मी जिना उतरलो. का, ते विचारू नकोस.

तळघराच्या पायऱ्यांवरून जे दिसलं ते सांगतो. ही पोरं घरच्या मैदानावर कधी हरलेलीच नाहीत. त्यामुळे खाली आल्याबरोबर सवयीने त्यांनी खुंटीवरचे एप्रन काढून बांधले आणि पळ्या घेऊन ओळीत उभी राहिली. कोणाचा ओठ सुजलेला, कोणाचा हात गळ्यात. समोर सत्तर पानं मांडलेली आणि बाकं रिकामी. वाढायला उभी होती, आणि ज्यांना वाढायचं तेच नव्हते. फ्लोरियनच्या धाकट्या भावाच्या हातातल्या पळीतून सूप जमिनीवर गळत होतं, त्याचं लक्षच नव्हतं.

मग तू त्यांना म्हणालीस की एप्रन काढा, आज तुम्ही हरला आहात, हरलेले आधी बसतात. एकाने विचारलं की मग वाढणार कोण. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, नुसती पळी पुढे केलीस.

सत्तर वाडगी भरली मी. तुझे पाच शब्द आठवतात. तळापासून नीट ढवळ, पातळ वाढू नकोस. ते मोजून सहा होतात, पण तू मला कधी जास्तच दिलंस.

मत चुकलं असं मी अजून म्हणत नाही. पण रात्रभर ती रिकामी बाकं दिसत राहिली.
तुझा,
लिअँडर


मारिएनबर्ग
१२ सप्टेंबर २०१८

चि. लिअँडर यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

तू तिघांच्या मांडीवर सूप सांडलंस. विसाव्या वर्षी तुला ह्याहून चांगलं वाढता येत होतं.

मी क्षमा केलेली नाही. त्या पोरांच्या अंगावरचे कपडे आता एक कंपनी येऊन नेते, म्हणून रक्ताचे डाग कोणी पाहत नाही. मी रविवारी मुद्दाम जाऊन पाहिले. किळस गेलेली नाही, आणि मला ती घालवायचीही नाही.

तू आईने शिवलेला, तुझ्या जुन्या बारा नंबरचा एप्रन गळ्यात घालूनच मोटारीत बसलास. ऑफिसात गेला नाहीस ना तसाच? तो धुऊन, इस्त्री करून आण. पुढचा घरचा सामना बावीस तारखेला आहे. मी प्रशिक्षकाला विचारलं की काय होईल. तो म्हणाला की ऑडिलियाबाई, खोटं कशाला सांगू, हरूच. तेव्हा साडेपाचला ये, हात धुऊन. शनिवारचं उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी क्लाराने वृद्धाश्रमात नेलं, एक थेंब फुकट गेला नाही.

आणि तुझ्याबरोबर ‘हो’ म्हणणारे आणखी चौघे आहेत ना? त्यांना सांग, खुंटीवर एप्रन चाळीस आहेत.

लोभ होता तिथेच आहे, तळाशी. ढवळलास तर मिळेल.
तुझी ताई,
ऑडिलिया