पॉलीमॅथचे वडील

ट्रॉय, नोव्हेंबर २००६

प्रिय देवदत्त,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय, त्यावरून लाडात येऊ नकोस. तुझे व्हॉइसमेल ऐकले. मुद्दामच फोन केला नाही, कारण फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला तू पिस्कॅटवेहून विमानानं आलास, तेव्हा माझा भाऊ म्हणून किती मिरवलं होतं मी तुला. शोभाकाकूंनी माइकवर बाबांची ओळख करून दिली. नागपूरला शाळेत गणित शिकवलं, संस्कृत येतं, तारे ओळखतात, रेडिओ दुरुस्त करतात, असे आमचे पॉलीमॅथ पाहुणे. बिचारीनं कौतुकानं एक शब्द वापरला. बाबा हात जोडून उभे राहिले, आणि तू उठून माइक घेतलास. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अफाट विद्वत्ता, तो असा वाटेल तिथे वापरायचा नसतो, हे सगळं सांगून झाल्यावर वर म्हणालास, “काकू, हायस्कूल टीचरला सगळंच थोडं थोडं येतं. त्याला पॉलीमॅथ नाही म्हणत.” लोक हसले. बाबाही हसले. नंतर प्रसादाच्या रांगेत मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

मग मीही लायब्ररीत जाऊन वाचलं. तुझ्या त्या जुन्या ग्रीकांनी हा शब्द टोमणा म्हणूनही वापरलाय, पुष्कळ शिकून अक्कल न आलेल्यांसाठी. तुला ठाऊक असणारच. नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं तुझं.

तेव्हापासून बाबा मिटून गेलेत. टोस्टर बिघडला, तर त्यांनी उघडूनही पाहिला नाही. अंधार पडला की माझी सई त्यांना अंगणात ओढून न्यायची, हा तारा कुठला, तो कुठला. आता तिला सांगतात, मामाला विचार. मला तुझी चीड येते, देवदत्त. खरंच येते.

तुझ्या लेकीसाठी बाबांनी नाव सुचवावं, असा निरोप ठेवलास. मी तो पोचवला. अर्ध्या गल्लीतल्या पोरांची नावं सुचवणारा माणूस तो, तुझं-माझंही त्यांनीच ठेवलं. तर म्हणाले, “देवदत्तलाच ठेवू दे. मला थोडं थोडंच येतं.”

तेव्हा आता ऐक. शनिवारच्या बारशाला मी येणार नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ही आत्या फक्त बाबांनी दिलेलं नाव सांगेल. हवं असेल तर इथे ये, त्यांच्यासमोर खाली बस आणि मागून घे. तोवर तिला नुसतं बाळ म्हणा.

तुझीच, नाइलाजानं,
शैलजाताई