चष्मा काढला की टाळी

नेरूळ, १७ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. सरोजिनीताईस,

धाकट्या श्यामसुंदरचा दंडवत. (कागदावरच घे. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष वाकणे डिसेंबरपर्यंत तहकूब आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी दम्याचे औषध वेळेवर घेतात, की अजून पेणच्या हवेवरच भिस्त ठेवून आहेत? इकडे सर्व कुशल आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो; वास्तविक काहीही कुशल नाही. तू पाठवलेल्या चकल्या पोचल्या. उत्तम झाल्या होत्या, आणि परवा चारचौघांत माझी जी शोभा झाली तिच्यात त्यांचाही हात आहे. ते पुढे येईलच.

ताई, मी चौतीस वर्षे मुले शिकवली. बालमनावरची जाडजूड पुस्तके वाचली, समासात रागाने टिपणे लिहिली. त्या पुस्तकांत मुलांच्या वाढीचे टप्पे दिलेले असतात. चौथ्या वर्षी मूल असे, सातव्या वर्षी तसे, अकराव्या वर्षी अमुक. मी प्रत्येक पानावर लिहीत आलो, की मूल म्हणजे काय दुधाचे भांडे आहे, ठरल्या वेळी उतू जायला? आज मला ती सगळी टिपणे खोडावी लागणार आहेत, आणि शाईच्या पेनने लिहिली असल्यामुळे ती खोडता येत नाहीत.

आमची क्षिप्रा (निशांतची, आता अकरा पूर्ण) चार वर्षांची होती तेव्हाचे तुला आठवत असेल. पडद्यामागे लपायची, पाय बाहेर, डोळे मात्र घट्ट मिटलेले. आपल्याला दिसत नाही म्हणजे जगालाही दिसत नाही. त्या वयात तिची ठाम समजूत होती, की आबा बोलतात म्हणून माणसे जमतात, आणि आबा थांबले की सूर्य मावळतो. (संध्याकाळच्या व्याख्यानांत हे बहुधा खरेही ठरे.) असा श्रोता मला पुन्हा मिळणे नाही. ती पाच वर्षांची झाल्यावर मी तिला सभेला नेऊ लागलो आणि आमची एक खूण ठरली. मी चष्मा काढला, की पहिल्या रांगेतून तिने टाळी वाजवायची. यात फसवणूक कसली? टाळ्या लोकांच्या हातांत असतातच, फक्त पहिला कोण वाजवणार या संकोचात मराठी माणूस घरी निघून जातो. क्षिप्राची पहिली टाळी पडली, की सभागृह मागोमाग कोसळे. पाच वर्षे हा कार्यक्रम निर्वेध चालला.

निर्वेध म्हणजे, एक सभा सोडून. सात-आठ वर्षांची झाली आणि तिच्या अंगात कायदा शिरला. लगोरीत माझा पाय रेषेला लागला, तर कंबर धरलेल्या आजोबाला बाद करून बाहेर बसवायची. नियम म्हणजे नियम! त्याच सुमारास आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांची शोकसभा होती. बोलता बोलता मला खरोखर गहिवरून आले आणि डोळे पुसायला मी चष्मा काढला. ताई, त्या निःशब्द सभागृहात हिने अशी खणखणीत टाळी वाजवली, की ग्रंथपालांच्या वडील बंधूंनीही गोंधळून दोन वाजवल्या. घरी येऊन रागावलो, तर म्हणते, “तुम्हीच सांगितलं होतं ना? रडताना काढला तर वाजवायची नाही, असं कुठे ठरलं होतं?” मी गप्प बसलो. (हे माझ्या आयुष्यातले एकमेव मौन, नोंद करून ठेव.)

आणि आता अकरावे! काय झाले या मुलीला? जूनपासून मी पाहतो आहे, शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेलो तर ही माझ्यापुढे दहा पावले चालते. मी मोजली आहेत. परवा थांब्यावर मी बस चालकाला वेळेचे महत्त्व समजावून देत होतो, तर ही कळवळून म्हणाली, “आबा, हळू बोला ना, सगळे बघताहेत!” ज्या आवाजाने माइकशिवाय मैदाने गाजवली, त्याला हळू! पूर्वी काहीही करण्याआधी ती माझ्या तोंडाकडे बघे. आता झेबाच्या तोंडाकडे बघते. झेबा म्हणजे आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या मुस्तफा पेणकरांची मुलगी, हिच्याच वर्गातली. माणसे मूळची उरणची, लाखात एक. मुस्तफाभाई बंदरावर माल सोडवण्याचे काम करतात आणि माझे प्रत्येक व्याख्यान शेवटपर्यंत ऐकतात. माझी तक्रार माणसांबद्दल नाही. पण साठ वर्षांच्या वाचनाने जे मत बनते, ते अकरा वर्षांच्या मैत्रिणीने नुसती भुवई उडवली की रद्द? ही कुठली लोकशाही?

आता मूळ प्रकरण. चौदा तारखेला सोसायटीत बालदिन होता. शिरवण्याहून मांडव आणला होता, कर्णे लावले होते आणि प्रमुख वक्ता अर्थातच मी. विषय मीच दिलेला: ‘मुलांना विचार करू द्या’. सकाळी क्षिप्राला म्हटले, पहिल्या रांगेत बस. तर म्हणाली, “आबा, मी झेबाबरोबर मागे बसणारेय. आणि ते टाळीचं आता नको.” कारण विचारले, तर पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत उभी. मी संतापलो. म्हटले, तुझ्यावाचून माझे अडत नाही. आणि त्या संतापाच्या भरात, ताई, मी झेबाच्या भावाला, पाच वर्षांच्या हमझाला, गाठले. हे वय मला ठाऊक होते! प्रश्न नाही, भुवई नाही. खूण सांगितली, बक्षीस म्हणून तुझी एक चकली कबूल केली आणि ही गंमत कोणाला सांगायची नाही असे बजावले. त्याने इतक्या गंभीरपणे मान डोलावली, की मला क्षिप्राचे जुने दिवस आठवले.

भाषण अप्रतिम रंगले. (हे मी म्हणत नाही, म्हणजे मीच म्हणतो आहे, पण खरे आहे.) शेवटी मी आवाज चढवला, “मुलांच्या डोक्यात आपले विचार कोंबू नका! त्यांना स्वतःच्या बुद्धीने ठरवू द्या!” आणि चष्मा काढला. हमझा खुर्चीवर उभा राहिला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “आजोबांनी चश्मा काढला! आता सगळ्यांनी टाळी वाजवायची! मग मला चकली!”

त्यानंतर टाळ्या झाल्या. माझ्या पाच वर्षांतल्या सर्व टाळ्या एकत्र केल्या तरी कमी पडतील इतक्या झाल्या. रखवालदार मानसिंगने तर शिटीसुद्धा वाजवली. चष्मा हातात असल्यामुळे मला माणसे दिसत नव्हती, हीच काय ती देवाची कृपा. नंतर मुस्तफाभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मास्तर, तुमी टेन्शन नका घेऊ. पोरगा खोटं बोलला नाय, तेवढं बघा.” हे सांत्वन होते! हमझा खाली हात पसरून उभाच होता. दिली चकली. शब्द तो शब्द.

पण मला झोंबले ते हे नव्हे. चष्मा परत चढवल्यावर मी मागे पाहिले. सगळे हसत होते, झेबा तोंडावर ओढणी धरून हसत होती. क्षिप्रा हसत नव्हती. मान खाली घालून बसली होती, कान लालबुंद. घरी आल्यावर मी विचारले, “पूर्वी माझ्या एका खुणेवर वाजवायचीस. आज इतके चांगले वाक्य होते, तरी हात उचलला नाहीस?” ती म्हणाली, “वाक्य चांगलं होतं, म्हणूनच. मला खरीच वाजवायची होती. पण तुम्ही चष्मा काढला. मग ती माझी राहिली नसती.”

ताई, मी उत्तर शोधतो आहे. आज तिसरा दिवस. ज्या मुलीला मी बोलायला शिकवले, तिने मला माझ्याच विषयावर, एकाही टाळीची अपेक्षा न ठेवता, चार वाक्यांत गारद करावे? हा उद्दामपणा आहे! हा कृतघ्नपणा आहे! (निशांत आणि सूनबाई म्हणतात, याला मोठे होणे म्हणतात. ते दोघेही फितूर आहेत.)

भावोजींना नमस्कार. चकल्यांचा डबा रिकामा आहे, कारण हमझा आता रोज सकाळी येतो आणि मी चष्मा पुसायला काढला की टाळी वाजवतो.

तुझा,
श्यामसुंदर

ता. क. : पत्र खरे लिहायला घेतले ते या कामासाठी. ८ डिसेंबरला, रविवारी, उरणला माझे व्याख्यान आहे. पेणहून तुला एसटीने सोयीचे पडेल. पहिल्या रांगेत बस. खूण तुला ठाऊक आहे. तू माझी बहीण आहेस, तुला तत्त्वे सांगायची गरज नाही.

ता. क. दुसरा : नाताळच्या सुट्टीत क्षिप्रा तुझ्याकडे येणार आहे. ती विचारील, आबा माझ्याएवढे होते तेव्हा कसे होते? तेव्हा आपल्या दादांची, म्हणजे तिच्या पणजोबांची, गोष्ट काढू नकोस. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला दादा दवाखान्यातल्या कामावरून तसेच, औषधाचे डाग पडलेल्या कोटात यायचे आणि माझे वाक्य पुरे होण्याआधी ‘वाहवा!’ म्हणायचे. पोरे हसायची. मी दादांना सांगितले, उद्यापासून येऊ नका. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ते पुन्हा आत आले नाहीत. खिडकीबाहेर उभे राहून ऐकायचे, हे तू मला फार उशिरा सांगितलेस. तेव्हा ते राहू दे.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार इतक्यात क्षिप्रा आली. उरणला येते म्हणाली. अट अशी, की झेबाबरोबर शेवटच्या रांगेत बसणार. मुस्तफाभाई सगळ्यांना गाडीतून नेणार आहेत. मी सहज विचारले, टाळी? म्हणाली, “बघू.” तेव्हा ताई, तू ये, पहिल्या रांगेतच बस, पण मी चष्मा काढो, पडो, फुटो, हात मांडीवरून उचलू नकोस. मागून एखादी टाळी आलीच, तर मला ती एकटी ऐकायची आहे. आणि दादांची गोष्ट तिला सांग. खिडकीसकट सांग.