नावाची जागा

रत्नागिरी,
माघ वद्य पंचमी, शके १८५५

प्रिय हरिश्चंद्र,

तुझ्या भाऊजींचा मुदतीचा ताप अजून उतरलेला नाही. हा आठवडा जड आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी चुलीवरची पेज ढवळत बसले. मला फार भीती वाटते रे. घरात दुसरं मोठं माणूस नाही, म्हणून धाकट्या भावापाशी बोलते आहे.

तापातही त्यांचं गणित चालूच आहे. वर्तुळाच्या जीवांवरचं ते प्रमेय तुला ठाऊक आहे, ज्यापायी शाळेतली मुलं त्यांना 'जीवामास्तर' म्हणतात. त्याची सिद्धता अखेर सापडली. त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण रांगोळीचा हात असल्यामुळे आकृत्या बऱ्या जमतात. ते म्हणतात, पायथॅगोरसचं तोंड कुणी पाहिलंय? पण काटकोन काढला की मिरकरवाड्यातला मच्छीमाराचा पोरगासुद्धा त्याचं नाव घेतो. माणूस तेवढाच मागे राहतो, आणि तेवढं पुष्कळ झालं. मागे राहण्याच्या गोष्टी आत्ता कशाला?

काल लिहून संपलं. म्हणाले, आता वर माझं नाव घाल, पुण्याचं मासिक निनावी लेख छापत नाही. माझा टाक तिथेच अडला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईचं बोलणं तुझ्याही कानावरून गेलं असेल. ते हसले. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतेस तेव्हा मी मरतो का, मग प्रमेयावरही उखाणाच लिही, म्हणाले. एरवी मीही हसले असते. त्यांचं अंग असं भाजत असताना मला हसू येईना. आज सकाळी त्यांनी विचारलं, टपालात टाकलंस का. मी हो म्हटलं.

तेच कागद उद्याच्या बोटीने दादू खलाशाबरोबर तुझ्याकडे धाडते आहे. वरची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे त्यांचं नाव तू लिही, आडनावासकट, ठळक अक्षरात, आणि त्याच दिवशी पुण्याला रवाना कर. उशीर करू नकोस. मी थांबले तर कदाचित मलाच लिहिता येईल. विधवेने नवऱ्याचं नाव घेतलं तर कुणी अडवत नाही. ती मोकळीक मला नको आहे, हरी.

तुझीच,
मथूताई