बाह्या राहिल्या आहेत

रविवार, ८ डिसेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. मायना आपल्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतला तसाच लिहिला. ऑक्टोबरातलं ते एक कार्ड सोडलं तर तुला लिहायचा प्रसंग अठ्ठावीस वर्षांत आला नव्हता, त्यामुळे अक्षर चाचरतंय.

इकडे सगळं ठीक. थंडी यंदा लवकर पडली. मी अजून पाणीपुरवठ्याच्या पंपावरच आहे. टाकी भरेपर्यंत काट्याकडे बघत बसायचं, हेच काम. तुझी भावजय मजेत. तिचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र धडधाकट आहे.

एक गंमत सांगतो. मी पुन्हा विणायला बसलोय. पंपघरात, खुर्चीवर, मांडीवर लोकरीचा गुंडा. आमचा फिटर म्हणाला, "काका, कुणाकडे पाळणा हलणार आहे?" म्हटलं, "हलला तर तुला आधी सांगेन. तू तो व्हॉल्व्ह बघ." दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं आला आणि कानटोपीचं माप देऊन गेला.

सुया हातात धरल्या तेव्हा वाटलं होतं, सगळं विसरलो असेन. डोकं विसरलंच होतं, पण बोटांनी टाके घातले. आठव्या ओळीला एक टाका गळाला. मी तुझ्यासारखाच "अरे देवा" म्हणालो आणि तो टाका सुईवर उचलून घेतला.

सुया कमी पडल्या म्हणून लोकरीच्या दुकानात गेलो होतो. दुकानवाल्या बाईंनी माझं विणकाम उजेडात धरलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला? एकूण एक टाका पिळलेला आहे."

"आईनं."

"चुकीचं शिकवलंय. असं विणलेलं ताणत नाही. थांबा, सरळ टाका दाखवते."

त्यांनी दाखवला. मी घरी येऊन दोन ओळी तशा विणल्या आणि उसवल्या. आई डावखुरी. आपण दोघं तिच्या शेजारी बसून उजव्या हातानं तिची नक्कल करायचो, म्हणून आपली सुई टाक्यात मागून शिरते. अख्ख्या जगात असं चुकणारी आता दोनच माणसं उरली आहेत. दुरुस्त करायला माझा हात धजला नाही.

लोकर जुनीच आहे. मोरपंखी. ओळखलीस ना? तू निवडली होतीस, आई गेल्यानंतरच्या वर्षी. म्हणालीस, "यातून मला एक कर, तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे." मी पाठ विणली, पुढचा भाग गळ्यापर्यंत आणला. मग तू घर सोडलंस. अण्णांच्या नावानं चिठ्ठी ठेवून गेलीस. माझ्यासाठी ओळसुद्धा नव्हती. तुला सोबत घेऊन जा म्हणत नव्हतो गं. पण माझी वेणीफणी सोडून सगळं तू केलंस, आणि जाताना मला जागंही केलं नाहीस, हे मी मनात धरून बसलो.

अण्णा ऑक्टोबरात गेले, ते तुला कार्ड टाकून कळवलंच. पत्ता मामांकडून मिळाला. तुझं उत्तर आलं, दोन ओळींचं: "कळलं. त्यांनी मला दार उघडलं नाही, तरी मी त्यांच्यासाठी दिवा लावला."

तुझं ते उत्तर मी रोज देवापुढे ठेवतो. हात जोडतो आणि पुढचे शब्द सुचत नाहीत. म्हणून आज कामाला सुट्टी आहे तर लिहायला बसलो, आणि बघ, दोन पानं पाळणा आणि टाके यांतच घालवली.

ताई, तू परत आलीस त्या सकाळी अण्णा आत पूजेला बसले होते. तीनदा कडी वाजली. मी दाराशीच विणत बसलो होतो. हाच स्वेटर. तू गेलीस तरी अण्णांनी तो पुरा करायला सांगितला होता, "तिला थंडी सोसत नाही" म्हणून. फटीतून तू दिसलीस. बारीक झाली होतीस.

आतून अण्णांनी विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

मग आतली कडी घातली. तो आवाज तू ऐकलास. अण्णांनी घातली असं तू समजलीस. ती मी घातली होती.

तू वळून फाटकापर्यंत गेलीस, तिथं थोडी थांबलीस. तेवढ्या वेळात मला उघडता आलं असतं. त्याच दुपारी मी स्वेटर उसवला. अण्णांनी गुंडा पाहिला आणि विचारलं, "उसवलास?" मी म्हणालो, "चुकला होता." त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. फक्त थंडी पडली की म्हणायचे, "एकदाही आली नाही." स्वतः जाणारे ते नव्हते, तुला माहीतच आहे. पण तू आलीयस हे कळलं असतं तर त्यांनी पूजेतून उठून दार उघडलं असतं, हेही मला माहीत होतं.

शेवटच्या महिन्यात त्यांना नीट दिसत नव्हतं. एका सकाळी म्हणाले, "तिचा स्वेटर झाला का?" मी म्हणालो, "होत आलाय." त्यांच्यासमोरचं हे तिसरं खोटं मला खरं करायचं होतं. पेटीतून लोकर काढली. उसवलेल्या लोकरीला इतक्या वर्षांनीही वळ्या होत्या. कोमट पाण्यात भिजवून वाळत घातली, तेव्हा कुठे ती सरळ झाली. पाठ झाली त्या दिवशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "तिच्या आईसारखेच टाके." चार दिवसांनी ते गेले.

आता पुढचा भागही झाला. बाह्या राहिल्या आहेत. तेव्हाचं माप मला पाठ आहे, पण आता तो हात कसा असेल मला ठाऊक नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत दोरा धरून तेवढा तोडून पाकिटात घालून पाठव. सोबत काही लिहायला नको. दोरा आला नाही तर मी समजेन, आणि स्वेटर बिनबाह्यांचाच पाठवीन. तो तुझा आहे, अण्णांनी करवून घेतलेला.

क्षमा मागत नाही. ती मागायला तुझ्या दारात यायला हवं, आणि मी वाजवल्यावर दार उघडायचं की नाही, ते तू ठरवायचंस.

कडी घालणारा,
तुझा धाकटा भाऊ