तळाची जाळी

॥ जय जिनेंद्र ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, १२ मे २०२५

ती. अण्णांना,
चंदनाचा शि. सा. न.

हे पत्र बाळासोच्या दुधाच्या गाडीतून येईल. तो चार वाजता दुकानासमोर थांबतो आणि दर खेपेला विचारतो, की या काळात पत्रं कोण लिहितं. मी त्याला सांगितलं, जिच्या वडिलांचे कान तीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसून गेले ती लिहिते. फोनवर अव्वाला काही सांगावं तर ती निम्मं तुमच्या कानात ओरडते आणि निम्मं स्वतःच्या मनाचं घालते.

बातमी अशी, की केतनशेठनी पहिल्यांदा एक अख्खं काम माझ्यावर सोपवलं. आजवर मी दुकानात बसून पोहायच्या तलावांच्या पाण्याचे नमुने तपासत होते आणि पंपाच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. नागाळा पार्कात अमरसिंह साहेबांचा बंगला आहे. मागच्या अंगणात पोहायचा तलाव, तीस फूट लांब, एका टोकाला नऊ फूट खोल. पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात पाणी सारखं हिरवं पडायचं. क्लोरीन टाकून टाकून त्यांच्या पत्नी प्रियदर्शनी वहिनी इतक्या कंटाळल्या होत्या, की तलाव बुजवून तिथे गुलाब लावते म्हणत होत्या.

मी पाण्यात निळ्या रंगाचे थेंब सोडले आणि दोन तास काठावर बसून राहिले. रंग मधोमध गोल फिरला, पण कोपऱ्यात जाऊन नुसता उभा राहिला. तिथलं पाणी हलतच नव्हतं. केतनशेठ म्हणाले, बी.एस्सी.वाली गिऱ्हाइकाच्या घरी रंगपंचमी खेळते. मी म्हटलं, खेळू द्या. स्वच्छतेसाठी तलाव रिकामा केलाच होता, तेव्हा सगळं बदलून घेतलं. पाणी आत सोडणारी तोंडं कोपऱ्याकडे वळवली. एक अश्वशक्तीच्या जागी तीनचा पंप बसवला, कारण ओढ कमी तर सगळंच कमी, हे तुमचंच शिकवणं. काठाजवळून पाणी ओढणारं तोंड जवळजवळ बंद केलं, म्हणजे सगळी ओढ तळाच्या तोंडाला मिळाली. त्या तोंडावर उपड्या वाटीसारखी उंच जाळी होती. तिच्यात पानं अडकायची. काढताना ती फुटली, तिच्या जागी ताटाएवढी सपाट जाळी बसवली.

तेव्हा तुमची आठवण झाली. प्रत्येक विहिरीत तुम्ही ओढीच्या नळीच्या तोंडाला वेताची बुट्टी बांधता, बेडूक आणि मासे ओढले जाऊ नयेत म्हणून, आणि लोक तुम्हाला बेडकांचा मेस्त्री म्हणतात. अण्णा, इथे बुट्टी लागत नाही. या पाण्यात एकही जीव राहत नाही, ते मी रोज तपासते.

तीन दिवसांत कोपरा असा निवळला, की तळावरचं नाणं काठावरून ओळखावं. येत्या रविवारी वहिनींच्या संयोगिताचा आठवा वाढदिवस तलावावरच आहे. पंचवीस मुलं येणार आहेत. मलाही बोलावलं आहे.

अव्वाला सांगा, मी वेळेवर जेवते. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
चंदना


कागल
मंगळवार, १३ मे

चि. चंदनास,
कल्लाप्पाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तवा छाती फुगली. तुझ्या अव्वाला म्हणलं, पोरीनं पाण्याला वळण लावलं. ती म्हणली, आधी स्वतःच्या डोस्क्याच्या केसास्नी लाव म्हणावं.

दुसऱ्यांदा वाचलं तवा हातातली भाकरी तशीच ऱ्हायली.

तू लिहितीस, या पाण्यात जीव न्हाय. मग रविवारी आत उतरणार कोण?

बुट्टी मी बेडकांसाठी बांधतो हे खरं हाय. पण ती काय काम करती ते तुला कधी फोडून सांगितलं न्हाय, ही माझी चूक. सपाट तोंडावर काही बसलं, की तोंड गच्च मिटतं. मग मोटर जेवढ्या ताकदीची, तेवढ्या ताकदीनं ते धरून ठेवती. बुट्टी फुगीर असती. एका अंगानं झाकली तरी दुसऱ्या अंगानं पाणी येतं, म्हणून बेडूक सुटतो. ती तू काढलेली उंच जाळी म्हणजे बुट्टीच की गं.

तुझ्या जन्माच्या आधी गणपतरावांच्या विहिरीत उतरलोतो. बुट्टी निघालेली, बघायला म्हणून हात घातला. तळवा तोंडावर बसला तो बसलाच. वर इंजिन चालू, खाली मी बोंबलतोय, ऐकणार कोण. पाणी गळ्याएवढं होतं. इंजिनातलं डिझेल संपलं म्हणून हात सुटला. हे अव्वाला ठाऊक न्हाय, आणि तिला कळायचं कारण न्हाय.

तू एक कर. टॉवेलाला दोरी बांध, काठीनं त्या जाळीवर सोड आणि वरनं ओढून बघ. स्वतः पाण्यात उतरू नको. काय झालं ते लगोलग कळव. जीव टांगणीला लागलाय.

आशीर्वाद हायतच, तू जपून ऱ्हा.

तुझा अण्णा


शाहूपुरी
गुरुवार, १५ मे

ती. अण्णांना,
शि. सा. न.

काल दुपारी बंगल्यावर गेले. घरी कामाला असणाऱ्या विठाबाई तेवढ्या होत्या. टॉवेल जाळीवर पसरला आणि मी काठावरून दोरी ओढली. तो आला नाही. विठाबाईंना हाक मारली. त्या दोन कळशा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाई आहेत. दोघींनी पाय रोवून ओढला. दोरी हाताला कापली, पण टॉवेल तसूभर हलला नाही. पंपाचा आवाजही बदलला होता, गळा दाबल्यासारखा झाला होता. विठाबाई म्हणाल्या, पोरी, खाली कोण धरून बसलंय व्हय? मी धावत जाऊन पंप बंद केला. मग टॉवेल आपोआप सुटून वर तरंगत आला.

अण्णा, हे मी केलं आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या हुशारीने केलं आहे. पाण्यातले न दिसणारे जीव मी मोजत बसले आणि दिसणारी माणसं विसरले.

केतनशेठना सांगितलं. ते म्हणाले, एका टॉवेलाला घाबरलीस, आता साडी दिसली तर दुकान बंद करशील. उंच जाळी पुण्याहून मागवायला आठ दिवस लागतील. ती बसवायला तलाव पुन्हा रिकामा करावा लागेल, मग पाच टँकर. वाढदिवसाच्या तोंडावर गिऱ्हाइकाला हे सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तुम्ही विचाराल म्हणून लिहिते, तळाच्या नळीला वेगळा कॉक नाही, बांधणाऱ्याने बसवलाच नाही. काठाचं तोंड मी पूर्ण उघडलं. ओढ थोडी कमी झाली, पण टॉवेल तरीही धरला.

मी त्यांचं ऐकलं नाही आणि आज सकाळी बंगल्यावर जाऊन वहिनींना सांगितलं. त्या चांगल्या आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमंत्रणं गेली आहेत, कार्यक्रम हलणार नाही, पण मुलं पाण्यात असेपर्यंत पंप बंद ठेवू. ऐकून बरं वाटलं. बाहेर पडताना व्हरांड्यात पाहिलं, तर तिथे एक बटण आहे. तलावाच्या भिंतीवरून धबधबा पडतो, तो याच पंपावर चालतो. पाहुणे आले, की अमरसिंह साहेब हौसेने तो सुरू करतात.

आणखी एक. संयोगिताला तळाशी टाकलेले चमचे बुडी मारून शोधायचा खेळ आवडतो. मी होते तेव्हा पंप बंदच होता, पण मी पाहिलं. ती तळाला जाऊन मांडी घालते आणि बुडबुडे सोडत बसते. बसते त्या जाळीवर. तिचे केस कमरेपर्यंत आहेत.

काय करू ते लिहा. अव्वाला फक्त नमस्कार सांगा. तुमचा हात डोक्यावर असू द्या, सध्या तो फार हवा आहे.

तुमची
चंदना


कागल
शुक्रवार, १६ मे

चि. चंदनास,
अ. उ. आ.

तू लिहितीस, टॉवेल जाळीवर पसरला. नऊ फूट पाण्यात काठीनं टॉवेल पसरता येत न्हाय. तू आत उतरलीस. मी स्पष्ट लिहिलं असताना उतरलीस. एवढ्या वर्षांत तुझ्यावर हात उगारला न्हाय, ते बरं केलं का वाईट, इचार करतोय.

आता नीट वाच. वहिनी शब्दाच्या पक्क्या असतील, पण बटणाला कुणाचाबी हात लागतो. विहिरीत उतरताना मी फ्यूज काढून खिशात घालतो, वरच्या माणसाला सांगून उतरत न्हाय. तिथं वायर सोडवलीस तर कोणतरी पावणा शहाणपणानं जोडंल. म्हणून नळी सोडव. पंपाच्या अलीकडं ओढीच्या नळीला जोड असतो. त्याचा मोठा नट काढ आणि तो तुझ्या पिशवीत ठेव. हवा ओढणारा पंप पाणी ओढत न्हाय. आधी बघ, पंप पाण्याच्या पातळीच्या वर हाय का खाली. खाली असला तर नळी सोडू नको, सगळं पाणी खोलीत येईल.

कुणी बटण दाबलं तर मोटर कोरडी चालंल आणि जळंल. जळू दे.

विचारायला गेलीस तर कुणी करू देणार न्हाय. न विचारता केलंस तर विचारल्यावर कबूल कर, लगेच, सगळ्यांदेखत. नोकरी जाईल. तू घरातली पहिली शिकलेली म्हणून गावभर पेढे वाटले, ते नोकरीसाठी वाटले न्हवते.

रविवारी संध्याकाळी बाळासोला दुकानाशी थांबायला सांगितलंय. तो आला की मी दारातच हाय.

तुझ्या काळजीतला
अण्णा


कोल्हापूर
सोमवार, १९ मे

ती. अण्णांना,
चंदनाचा शि. सा. न.

काल बाळासोकडे एवढाच निरोप दिला, की सगळे सुखरूप आहेत. आज लिहिते.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर आहे, ते आधी पाहिलं. तीन वाजता मी नट काढला आणि पर्समध्ये ठेवला. मुलं पाचला पाण्यात उतरली. मी खोल टोकाशी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, मी हौसेने पोरं सांभाळते आहे. केतनशेठही आले होते, लांबून हसत म्हणाले, आज टॉवेल आणला नाहीस वाटतं.

साडेपाचच्या सुमारास चमचे टाकले. संयोगिता बुडी मारून गेली आणि नेहमीच्या जागी मांडी घालून बसली. पाणी इतकं स्वच्छ आहे, की तिच्या बोटातली अंगठीसुद्धा दिसत होती. केस सुटून तिच्याभोवती पसरले होते. त्याच वेळी अमरसिंह साहेब एका पाहुण्याला म्हणाले, थांबा, धबधबा दाखवतो. वहिनींनी त्यांना पंप बंद ठेवायला सांगितलं होतं, पण त्यांना वाटलं, धबधबा वेगळा.

मोटर किंचाळली, अण्णा. कोरड्या मोटरचा आवाज तुम्हाला माहीत आहे, मी पहिल्यांदा ऐकला. मला ठाऊक होतं, की नट माझ्याजवळ आहे आणि नळी उघडी आहे. तरी मी खालच्या तिच्या केसांवरून नजर काढू शकले नाही. ते जाळीकडे वळले तर, एवढंच डोक्यात होतं. ते वळले नाहीत, आपले तरंगत राहिले. धबधबा पडेना म्हणून साहेबांनी बटण पुन्हा दाबलं. जळका वास आला. संयोगिता वर आली. तिच्या मुठीत दोन चमचे होते आणि ते मोजून घे म्हणून ती माझ्याच मागे लागली.

पंपाची खोली उघडल्यावर केतनशेठनी ओरडून विचारलं, नळी कुणी सोडली. मी पर्समधून नट काढला आणि केकच्या ताटल्यांशेजारी ठेवला. सांगितलं, मी सोडली, आणि का सोडली तेही. तीनचा पंप माझा, सपाट जाळी माझी, हेही. केतनशेठ पाहुण्यांकडे बघून म्हणाले, चार बुकं शिकलेल्या पोरीला डोक्यावर बसवलं की असं होतं, आणि मला म्हणाले, उद्यापासून येऊ नको. एक पाहुणे म्हणाले, असं काही होत असतं तर पेपरात आलं नसतं का? दोघंतिघं हसले.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, केसांचं काय झालं असतं. मी म्हटलं, केस आधी आत ओढले जातात. त्यांनी विचारलं, मग वर ओढायला किती माणसं लागली असती. विठाबाई ताटल्या घेऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही दोघींनी नुसता टॉवेल ओढला बाईसाब, न्हाय आला.

अमरसिंह साहेब बराच वेळ व्हरांड्यातल्या त्या बटणासमोर उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून. वहिनींनी सगळ्या मुलांना पाण्याबाहेर काढलं. मला म्हणाल्या, उंच जाळी बसेपर्यंत तलाव रिकामा राहील, आणि बसवताना तुझे वडील समोर हवेत. म्हणून तुम्हाला यायचं आहे, दिवस मी कळवीन. मोटर जळली त्याचं काय, असं मी विचारलं, तर त्यांनी ते ऐकलंच नाही.

त्यांनी संयोगिताला जवळ घेऊन ओल्या केसांची वेणी घातली आणि ती मुठीत धरली. केक कापताना धरली, फोटो काढताना धरली. मुलं एकेक करून घरी गेली, तेव्हा दारात उभ्या राहिल्या त्याही वेणी धरूनच. पोर कुरकुरत होती, की मम्मी, दुखतंय, सोड. मी पायात चपला घालून फाटकापर्यंत आले आणि वळून पाहिलं. वहिनींची मूठ तशीच मिटलेली होती.

अक्षर सांभाळून घ्या. चूक पोटात घातलीत, तसंच मलाही जवळ घ्या.

तुमची
चंदना