नातीला आणायला गेलो, पण

लॉस एंजेलिस, १९६९

प्रिय कॉन्सुएलो,

मी खुशाल आहे. तू दिलेले मक्याचे तमाले इथल्या पोरांनी मिटक्या मारत खाल्ले. आपल्या लिंबोणीला फुलं आली का गं?

आपल्या मेक्सिकन लोकांचा इतिहास कॉलेजात शिकवा म्हणून आमेलिया आणि पोरं तिथल्या कचेरीत ठाण मांडून बसली आहेत. बाहेर पोलीस आहेत. पकडली गेली तर तिची शिष्यवृत्ती जाईल.

"घरी चल," म्हटलं, तर म्हणते, "आजोबा, तुम्ही कविता म्हणा, पोलीसच पळतील!" सगळी हसली, पण तिनं माझी बाही सोडली नाही.

मग मी म्हटली. जी शाळेत आपल्या स्पॅनिशमध्ये म्हटली म्हणून छड्या खाल्ल्या, तीच. पोरांनी पुन्हा म्हणायला लावली.

आता दारावर थापा पडताहेत. पोलिसांना आधी म्हातारा दिसावा म्हणून मी दाराशीच खुर्ची टाकली आहे. आमेलियाच्या आईला मात्र एवढ्यात सांगू नकोस.

तुझाच,
एपिफानियो