हॅल्वर नेसेटला द्यायचं उत्तर

७ नोव्हेंबर, शनिवार

हॅल्वर गेला. काल दुपारी. अंगणातली पानं गोळा करत होता. शेजारीण म्हणते, बाकावर टेकून बसलेला दिसला, हातात दाताळं तसंच. तिला वाटलं, दमला असेल!

लोकांसमोर मी त्याला मिस्टर नेसेट म्हणते. इथे हॅल्वरच.

गेल्या सोमवारी त्याने मला विचारलं — "लुसिल, माझ्याशी लग्न करशील?" आमच्या पोर्चवर, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी म्हणाले, पुढच्या सोमवारी सांगते. "एकोणऐंशी वर्षांचा आहे मी. फार ताटकळत ठेवू नकोस हं." मी हसले. "सात दिवस थांबा की. कुठे पळून जाताय?" — "या गुडघ्यांनी? कुठेच नाही!"

परवा सोमवार.

८ नोव्हेंबर, रविवार

मिस्साहून आले तर स्वयंपाकघरात कर्टिस. आमच्या विद्यार्थ्यांच्या घराचा अध्यक्ष, सहा फूट दोन इंच, फुटबॉल खेळणारा. आणि फ्रिजला डोकं टेकून रडत होता. त्याच्या दोन वर्षांच्या फीचे पैसे हॅल्वरने भरले, हे त्याला आज कळलं. विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईंनी आता सांगितलं — माणूस जिवंत असेपर्यंत सांगायचं नाही, अशी अटच होती म्हणे.

"मॉम बी, मी त्यांना कधी साधं थँक यूसुद्धा म्हटलं नाही!"

"तू त्यांच्याबरोबर चेकर्स खेळायचास ना?"

"पण मी दर वेळी जिंकायचो!"

मला हसू आलं, त्यालाही आलं. मग दोघंही परत रडलो.

बावीस वर्षं झाली मला या घराची हाऊस मदर होऊन — मुलांची देखभाल करणारी, म्हणून मॉम, आणि ब्रॅनिगनची बी. नवरा गेला तेव्हा नोकरी हवी होती, म्हणून आले. बावन्न मुलं, एक जिना, आणि तळमजल्यावर माझ्या दोन खोल्या. विद्यापीठातली सगळ्यात जुनी फ्रॅटर्निटी ही, एकत्र राहणाऱ्या मुलांचं बंधुमंडळ; शिकून गेलेलेही कायमचे बंधू, देशभर पसरलेले. पण दर सोमवारी जेवायला येणारा बंधू एकच. १९३८ साली तो याच घरात भांडी घासून शिकला. अजूनही जेवण झालं की ताटं गोळा करायला उठायचा. वांडा — आमची स्वयंपाकीण — ओरडायची, "मिस्टर नेसेट, लायब्ररीवर तुमचं नाव आहे! बसा गुमान!" — "म्हणूनच उठलो. तिथे धूळ पुसू देत नाहीत."

९ नोव्हेंबर, सोमवार

आज उत्तराचा दिवस.

जेवणाआधी हजेरी झाली. सोमवारी कोट-टाय घालून सगळे उभे राहतात, नावं वाचली जातात, जो तो "हजर" म्हणतो. हॅल्वरचं नाव शेवटी. त्याला ऐकू यायचं नाही, आणि कानातलं यंत्र खिशात! मग शेजारून मीच म्हणायची, "आहेत, आहेत!" मुलं हसायची. त्यालाही कळायचं, तोही हसायचा. बारा वर्षं हे चाललं.

आज कर्टिसने ते नाव वाचलं नाही. यादी संपवली आणि खाली बसला. माझ्या उजव्या हाताची खुर्ची कोणी हलवली नाही. भाजलेल्या मांसाचं रोस्ट जसंच्या तसं परत गेलं. ताटं वांडाने एकटीनेच गोळा केली.

११ नोव्हेंबर, बुधवार

घरात जीव रमेना म्हणून संगीतभवनाकडे चालत गेले. हे त्याने विद्यापीठाला बांधून दिलं, कान जवळजवळ गेल्यानंतर. नाव स्वतःचं नाही, आईचं. उद्घाटनाला मला बरोबर नेलं होतं. मी विचारलं, ऐकू येत नाही, मग एवढं लक्ष देऊन काय बघताय? "कोपरं," म्हणाला. "व्हायोलिनवाल्यांची कोपरं बघ. सगळी एकदम वर, एकदम खाली. शेतात वारा सुटल्यासारखी."

तेव्हापासून मीही कोपरंच बघते.

आज कुणी तरी एकटंच सराव करत होतं. मला फार वेळ थांबवेना.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

हॅल्वरची मुलगी आली, सॉल्वेग, मिनिआपोलिसहून. बापाचंच कपाळ. उद्या निरोपविधी. तो फक्त बंधूंचा — बायकांना आत जागा नाही. हाऊस मदरलाही नाही, पोटच्या मुलीलाही नाही.

मेजावरची पांढरी चादर इस्त्री केली. दोनदा.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

काय केलं मी हे!

जुने बंधू एवढे आले की तळघरातल्या सभेच्या खोलीत मावेनात. म्हणून विधी जेवणघरात, दारं लावून. सॉल्वेग आणि मी शेजारच्या कोठीत, कॉफीचे कप मांडत. दार पातळ. सगळं ऐकू येत होतं.

विधी असा, की गेलेल्याचं नाव तीनदा पुकारतात. कुणी उत्तर द्यायचं नाही. मग त्याची मेणबत्ती विझवतात आणि नाव यादीतून निघतं.

"बंधू हॅल्वर नेसेट." शांतता.

"बंधू हॅल्वर नेसेट." शांतता. हातातला कप मी पुसतेय, पुसतेय.

"बंधू हॅल्वर नेसेट."

"आहेत, आहेत!"

तोंडातून निघून गेलं! बारा वर्षांची सवय. मोठ्याने, नेहमीसारखं. आत कुणाची तरी खुर्ची करकरली. मग एक म्हातारा आवाज — "एकशे दहा वर्षांत असं कधी झालं नाही! कोण आहे ती बाई?" आणि कर्टिस: "सर, ती बाई नाही. ती मॉम बी आहे."

थोड्या वेळाने तो दार किलकिलं करून आला. कान लाल. "मॉम बी, नियमांच्या पुस्तकात आहे — उत्तर आलं तर मेणबत्ती विझवायची नाही. पण आजवर कुणाचं आलंच नव्हतं. आता ती तशीच ठेवलीय. मी काय करू?"

"जळू दे," सॉल्वेग म्हणाली.

मग तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. "बाबांनी तुम्हाला विचारलं होतं ना? मला फोनवर सांगितलं त्यांनी. शाळकरी पोरासारखे बोलत होते. सोमवारी उत्तर मिळणार म्हणाले." डोळे भरले होते तिचे. "तुम्ही काय सांगणार होतात?"

मी म्हणाले, "हो."

तिने मला मिठी मारली. कपाटातल्या बशा हलल्या.

१४ नोव्हेंबर, शनिवार

लुथरन चर्च, साधं, थंड. मी मागे बसत होते, सॉल्वेगने हाताला धरून पुढे नेलं. कुटुंबाच्या बाकावर! तिची आई होती तेव्हा बसायची त्या टोकाला. बायका माना वळवून बघत होत्या, पण चांगल्या नजरेने; सॉल्वेगने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. नंतर तळघरात हॅमची सँडविचं, बटाट्याचं कॅसरोल. एक म्हातारी माझा हात सोडेचना. "बिचारी. आणखी तीन दिवस जगला असता तर!"

वांडाने मला कोपऱ्यात गाठलं. "बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात आहोत, आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार?"

"तू त्याला हो म्हणणार होतीस हे! नंतर मिस्टर नेसेटना कॉफी किती साखरेची, ते कोण बघणार होतं? तुला येतं का कॉफी करायला?"

मी हसले. हसायला नको होतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

आज हजेरीत त्याचं नाव वाचलं. मुलांनी मतं घेऊन ठरवलं. मी उत्तर दिलं. कुणी हसलं नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

विद्यापीठाच्या अध्यक्षांचा फोन. शनिवारी संगीतभवनात स्मरणसभा. छापील पत्रिकेत माझं नाव कसं घालू, विचारत होते. मी म्हणाले, हाऊस मदर म्हणून घाला. ते म्हणाले, "मिसेस ब्रॅनिगन, तुम्ही उगाच संकोच करता. सॉल्वेगने आम्हाला सगळं सांगितलंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलणं संपल्यावरही फोन तसाच हातात धरून उभी होते.

शाळेत सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, दया म्हणून बोललेलं खोटं सर्वांत लवकर वाढतं. त्यांना काय माहीत, असं तेव्हा वाटायचं. कधी कुणावर दया केली होती त्यांनी!

२१ नोव्हेंबर, शनिवार

सभागृह भरलेलं. मागच्या भिंतीला टेकून मुलं उभी. कर्टिस बोलला — चेकर्सबद्दलच बोलला, आणि रडला नाही. मग चार मुलींनी व्हायोलिन वाजवलं. सगळी कोपरं एकदम वर, एकदम खाली. मी डोळे मिटले. फक्त ऐकलं, त्याच्या वाटचं.

शेवटी विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणाले, हॅल्वर नेसेटने आयुष्यभर सगळ्यांना दिलं, आणि जाताना त्यालाही काही मिळालं होतं — या शहरातल्या एका चांगल्या बाईचा होकार. मला उभं राहायला सांगितलं. नऊशे लोक उठले. टाळ्या! सॉल्वेगने माझा हात वर धरला.

मी उभी राहिले.

२२ नोव्हेंबर, रविवार

मिस्साला गेले. कम्युनियनच्या पवित्र भाकरीसाठी रांगेत उभी राहिले नाही; पाप कबूल केल्याशिवाय ती घ्यायची नसते. फादर बघत होते.

इथे तरी लिहिते. उत्तर "नाही" होतं. मंगळवारीच ठरलं होतं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं, त्याला लागू नये अशा आवाजात. माझ्या दोन खोल्या, माझी किल्ली, माझी बावन्न मुलं — कुणासाठीच सोडायची नव्हती.

आता सगळं गाव मला त्याची म्हणतं. आणि मला ते आवडायला लागलं आहे.